पाच खुंट्यांची माती

७ जानेवारी

चि. मातीवालीला शेडमधून आशीर्वाद.

सोबत एक डबा पाठवला आहे. त्यात खाऊ नाही, माती आहे. आधीच सांगितलेलं बरं, कारण तुझा बाप लहानपणी डबा दिसला की आधी तोंडात टाकायचा आणि मग काय आहे ते विचारायचा. तू त्याच्यावर गेली नसशील अशी आशा आहे.

झालंय असं की पर्यावरण कार्यालयातून एक माणूस आला. बूट नवे, वही नवी, मिशी नवी. गॅरेजच्या मागच्या अंगणात त्याने पाच ठिकाणी खुंट्या ठोकल्या, पाचही ठिकाणची माती उकरून नेली आणि पंधरा दिवसांनी नोटीस पाठवली. एका किलो मातीत जास्तीत जास्त पाच ग्रॅम तेल चालतं म्हणे. माझ्यात एकतीस निघालं. तीस सप्टेंबरपर्यंत ते पाचाच्या खाली आणा, नाहीतर आम्ही दीड मीटर खोल खणून सगळी माती उचलून नेऊ, असं लिहिलंय. शेडचे खांब त्याच मातीत आहेत, म्हणजे शेडही गेली. राहायची खोली तेवढी राहील. त्या खोलीत बसून मी काय करू? भिंतीला स्पॅनर लावू?

आता खरं सांगते. तेल आम्हीच ओतलंय. पस्तीस वर्षं मी आणि तुझे आतोबा, गाडीचं जुनं तेल काढलं की मागे नेऊन ओतायचो. धूळ बसते, असं सगळेच म्हणायचे. धूळ बसली हे मात्र कबूल केलं पाहिजे.

तू माती तपासण्याची नोकरी करतेस म्हणून तुला विचारते. शेड वाचेल का? फोन करू नकोस. इंजिनांनी माझे कान कधीच नेले आहेत, फोनवर मी नुसतं 'हो हो' म्हणते आणि मग भलतंच कबूल करून बसते.

तुझी आत्या

◆

१९ जानेवारी

आत्या,

वाकून नमस्कार केला आहे असं समज. प्रत्यक्षात टेबलावर तुझा डबा आहे, त्यामुळे वाकायला जागा नाही.

मोजलं. एकतीस पूर्णांक चार. नव्या मिशीवाल्याने तुला पूर्णांकाखालचं माफ केलंय.

पण शेड वाचू शकते. तुझ्या मातीत तेल खाणारे जिवाणू आहेत. ते कुठून बाहेरून आणावे लागत नाहीत, प्रत्येक मातीत चिमूटभर असतात. तेल पडलं की आधी हाहाकार होतो. मातीतल्या हजारो जातींपैकी बहुतेक गारद होतात. ज्यांना तेल पचतं ते मूठभर उरतात, आणि समोर एवढं वाढून ठेवलेलं पाहून बेसुमार वाढतात. तुझ्या मातीत जाती मोजक्याच आहेत, पण चमचाभर मातीत डोकी कोट्यवधी.

मग तेल संपलं का नाही? कारण नुसत्या तेलावर कुणाचं भागत नाही. त्यांना नत्र लागतं, स्फुरद लागतं, हवा लागते, ओल लागते. तू त्यांना पस्तीस वर्षं फक्त तेल दिलंस.

तर हे कर. दर आठवड्याला फावड्याने वीतभर खोल माती उलट, म्हणजे हवा जाईल. ओल अशी ठेव की मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. युरिया आणि फॉस्फेट किती आणि कधी ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. त्याहून जास्त टाकायचं नाही, तू सढळ हाताची आहेस म्हणून बजावते. आणि खुंट्यांच्या पाच जागांची थोडी थोडी माती एकत्र करून दर महिन्याला पाठव. कार्यालयही शेवटी तिथलीच माती घेणार आहे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांची परवानगी घेतली आहे. कागदोपत्री तू 'नमुना क्रमांक सत्तेचाळीस' आहेस. लोभ असावा.

तुझी भाची

◆

२ फेब्रुवारी

चि. भाचीस,

क्रमांक सत्तेचाळीसचा आशीर्वाद.

माती उलटली. कंबर मोडली, पण नोटिशीत कमरेबद्दल काही अट नाही. युरिया तुझ्या कागदाप्रमाणे तोलून टाकला, एक चिमूट जास्त नाही. फावड्याने उलटल्यावर मातीला गॅरेजचाच वास येतो. मला तो आवडतो हे कार्यालयाला कळवू नकोस.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही मागच्या बाजूला खानावळ चालवत होतो आणि आम्हाला पत्ताच नाही! तुझे आतोबा असते तर म्हणाले असते, कोट्यवधी गिऱ्हाईक आणि एकाने साधा नमस्कार केला नाही.

एक विचारायचं होतं. ते दिसतात कसे?

आत्या

◆

२६ एप्रिल

आत्या,

गोळ्यांसारखे आणि काड्यांसारखे दिसतात. चेहरा नसतो.

आता बातमी ऐक, बसून वाच. एकतीस, मग चोवीस, मग सोळा आणि या वेळी नऊ! सरांनी तुझा आलेख भिंतीवर लावला आहे. तुझ्या मातीचा श्वासही मोजला. हवाबंद बरणीत माती ठेवायची आणि ती किती कर्बवायू सोडते ते पाहायचं. साधी बागेतली माती शेजारच्या बरणीत होती, तिच्या चौपट तुझी माती धापा टाकतेय. आमच्या अख्ख्या खोलीत तेवढं कष्टाळू कोणी नाही. हे वाक्य सरांनी वाचलं नाही म्हणजे मिळवली.

आता मुदत जवळ येतेय, म्हणून इथून पुढे दर पंधरा दिवसांनी माती पाठव. सगळं असंच चाललं तर जुलैअखेर पाचाच्या खाली येशील. तेल संपत आलं की हे तेलखाऊ उपाशी पडतील आणि त्यांची संख्या कोसळेल. घाबरू नकोस, ते फार चांगलं लक्षण आहे. ते मेले की त्यांच्यावर जगणारे दुसरे येतील आणि हळूहळू जुन्या जाती परततील.

तुझी भाची

◆

८ मे

चि. भाचीस,

नऊ वाचून बरं वाटलं. शेडच्या खांबाला हात लावून आले.

पण उपाशी पडतील हे मला पटलेलं नाही. राब राब राबवायचं, शेड वाचवून घ्यायची आणि मग मेलात तर चांगलं लक्षण? असा न्याय मी फक्त मोठ्या कंपन्यांत ऐकला होता.

असो. त्यांना कुठल्या प्रकारचं तेल जास्त आवडतं? सहज विचारते.

आत्या

◆

२० मे

आत्या,

तुला या विषयाची गोडी लागलेली पाहून फार आनंद झाला. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, असे जिज्ञासू नागरिक हवेत.

तर आवडीनिवडी अशा. पातळ, ताजं डिझेल सगळ्यांत सोपं, ते आधी फस्त होतं. इंजिनचं काळं जळकं तेल पचायला जड, त्यात धातूची भुकटीही असते. तुझ्याकडे जे उरलंय ते ताटातलं कडेला सारलेलं आहे, म्हणून शेवटी शेवटी वेग मंदावेल. मुदतीला अजून चार महिने आहेत. धीर धर आणि माती उलटत राहा.

भाची

◆

२३ जून

चि. भाचीस,

माती पाठवली आहे. इकडे सर्व ठीक. माती उलटते. ओल ठेवते. युरिया तोलून टाकते. आणखी काही करत नाही.

तब्येत जप.

आत्या

◆

१० जुलै

आत्या,

काहीतरी गडबड आहे. मेअखेरीसही नऊच होतं, मग दहा, मग साडेनऊ आणि या वेळी अकरा. आणि विचित्र म्हणजे त्यात ताजं डिझेल दिसतंय. पस्तीस वर्षांपूर्वीचं डिझेल ताजं कसं राहील? एखादी गाडी गळतेय का? शेजारचं कोणी कुंपणावरून काही ओततंय का? अंगणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव.

मला काळजी वाटतेय. अशाने तीस सप्टेंबर गाठता येणार नाही आणि तुझी शेड जाईल. मला झोप नाही.

भाची

◆

१८ जुलै

चि. भाचीस,

शेजारी सज्जन आहेत. गाडी गळत नाही, माझ्या शेडमधली गाडी गळली तर मी तोंड दाखवणार नाही.

यापुढे आकडा वाढणार नाही. मला तसं वाटतं. म्हातारीचा अंदाज आहे असं समज. तू झोपत जा.

आत्या

◆

१९ ऑगस्ट

आत्या,

तुझा अंदाज खरा ठरला. नऊ, मग साडेसात. घसरण जोरात आहे. हाच वेग राहिला तर मुदतीच्या आत पाचाखाली येशील, अगदी काठावर का होईना. शेड वाचतेय बहुतेक. म्हणून हे पत्र आनंदाचं आहे, ते तसंच वाच.

मी ठीक आहे. हल्ली मोजमाप माझ्याकडे नाही, मी बाटल्या धुते. त्याचं असं झालं की सरांनी तुझा आलेख पुन्हा नीट पाहिला. आमच्या कपाटात मोजणीसाठी शुद्ध डिझेलची बाटली असते. त्यांचं म्हणणं, माझ्या हातून ते तुझ्या नमुन्यात सांडलं. एकदा नाही, महिना-दोन महिने. मग त्याच काळातले माझे बाकीचे दीडशे अहवालही संशयात आले. मी म्हणाले, सर, मी सांडलं नाही. ते म्हणाले, मग डिझेल मातीतून उगवलं का? सप्टेंबरअखेर माझं कंत्राट संपतं, ते पुढे चालू ठेवणार नाहीत असं दिसतं.

हे महिनाभर लिहिलं नाही कारण तुला आधीच कमी ताप नाही. आणि बाटल्या मी फार स्वच्छ धुते. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

भाची

◆

२४ ऑगस्ट

चि. भाचीस,

डिझेल मी ओतलं.

चार वेळा. अकरा मे, एक जून, वीस जून, सहा जुलै. दर वेळी पाचही खुंट्यांपाशी अर्धा अर्धा लिटर, सारखं मोजून, कुणावर अन्याय नको म्हणून. खुंट्यांपाशीच का, तर तू तिथलीच माती मोजायचीस, मला वाटलं त्यांची मुख्य वस्ती तिथेच आहे. गाडीत काय घातलं आणि कधी घातलं हे शेडच्या भिंतीवर खडूने लिहायचं, ही तुझ्या आतोबांची शिस्त. त्यामुळे तारखा चुकायचा प्रश्न नाही. तुझ्या जुलैच्या पत्रानंतर थेंबही दिला नाही.

का ओतलं ते सांगते. हसू नकोस. तुझे आतोबा गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या हातचं खाणारं या घरात कोणी नाही. मी एकटीपुरतं करते आणि उभ्या उभ्या खाते. मग तू लिहिलंस की मागे कोट्यवधी आहेत, धापा टाकून जेवताहेत आणि आता उपाशी मरणार. मला ते सहन झालं नाही. डिझेल ओतून मी तिथेच स्टुलावर बसायचे. मला करमायचं. शेडपायी तुझा जीव टांगणीला लागलाय हे कळत होतं, आणि तरी मी ओतलं. तुला खोटंही लिहिलं. या वयात असं वागले याची मला लाज वाटते.

पण त्याची शिक्षा तुला झाली हे काल तुझ्या पत्रातून कळलं. म्हणून आज सकाळी पर्यावरण कार्यालयाला पत्र टाकलं. एक प्रत तुझ्या सरांना, एक सोबत तुला. त्यात तेवढंच लिहिलंय: "मी, खाली सही करणारी, मे ते जुलै या काळात अंगणात एकूण दहा लिटर डिझेल स्वतःच्या हाताने ओतले. माती मोजणाऱ्या मुलीचा आकडा बरोबर होता. भिंतीवरच्या नोंदींचा फोटो सोबत जोडला आहे." फोटो वाण्याच्या मुलीकडून काढून घेतला. छान आलाय.

आत्या

◆

२९ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र सरांनी माझ्याआधी वाचलं. मला बोलावलं, चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "मोजमापाला बसा." एवढंच. दिलगिरी व्यक्त करायची त्यांची हीच पद्धत आहे.

मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन पत्रांत तुला आत्या म्हटलेलं नव्हतं.

तुला कळतंय का तू काय केलंस? आकडा उतरतच होता. तू गप्प बसली असतीस तर तीस सप्टेंबरला शेड तुझी होती! नोटिशीत स्पष्ट लिहिलंय, मुद्दाम तेल ओतल्याचं आढळलं तर मुदत रद्द. ते तू वाचलं नव्हतंस का?

आणि एकटी उभ्याने जेवतेस हे मला डिझेलमार्फत का कळावं? मी महिन्याला एक पत्र लिहायचे आणि त्यात फक्त युरिया असायचा. मलाही लाज वाटते आहे.

भाची

◆

१६ सप्टेंबर

चि. भाचीस,

वाचलं होतं. ते कलम ठळक अक्षरात आहे, चष्म्याशिवाय दिसतं. शेडला मी पस्तीस वर्षं ओळखते, तुला एकोणतीस. पण शेडकडून कोणी बाटल्या धुऊन घेत नाही.

कार्यालयाचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार आणि मुदत रद्द, दोन्ही एकाच वाक्यात. एक ऑक्टोबरला खणायला येतील. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. हत्यारं खोलीत आणून ठेवली. आता खोलीत मला वळायला जागा नाही, जॅकला विचारून वळावं लागतं.

माझ्यावर चिडलीस ते बरं केलंस. माझ्यावर चिडणारं शेवटचं माणूस चार वर्षांपूर्वी गेलं.

आत्या

◆

२४ सप्टेंबर

आत्या,

घाईत लिहितेय, पत्र तुला एक तारखेच्या आत मिळायला हवं.

तुझ्या भिंतीवरच्या तारखा मी माझ्या आकड्यांशेजारी मांडल्या. पहिल्या वेळचं डिझेल तीन आठवडे उलटले तरी पुरतं संपलं नव्हतं. शेवटच्या वेळचं दोन आठवड्यांच्या आत साफ! तुझे तेलखाऊ सरावले आहेत. डिझेल आलं रे आलं की ताटावर बसतात. सरांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

इथून तासाभरावर टँकर उलटून एक मोकळं मैदान डिझेलने भिजलं आहे. तिथली माती अजून पहिल्या हाहाकारातच आहे. तुझी माती कचऱ्यात पुरण्याऐवजी त्या मैदानात मिसळायची परवानगी सरांनी कार्यालयाकडून मिळवली. शेडसाठीही त्यांनी शब्द टाकला होता. तो मात्र पालथ्या घड्यावर पाणी झाला. नियम तो नियम, म्हणाले. शेड वाचवता आली नाही, आत्या. मी खूप प्रयत्न केला.

मी एक तारखेला यायचं ठरवलं होतं, पण माती इकडे उतरवून घ्यायला माणूस हवा आणि तो मीच आहे. रविवारी येते. मला चांगली भूक लागते हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

तुझी भाची

◆

२ ऑक्टोबर

चि. भाचीस,

माती तुला पोचलीच असेल. काल इकडे काय झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी आठला डंपर आला. सोबत खणायचं यंत्र, चार माणसं आणि तो मिशीवाला. मिशी आता जुनी झाली आहे. मला म्हणाला, "बाई, तुम्ही आत बसा, त्रास होईल." मी म्हटलं, "अहो, माझ्याच अंगणात मी आत कुठे बसू?" माणूस वाईट नाही.

डंपर शेडसमोर उभा होता, इंजिन चालूच. आवाजातलं बारीकसारीक मला आता ऐकू येत नाही, म्हणून मी बॉनेटवर हात ठेवला. हाताला कळतं. ड्रायव्हरला विचारलं, "तेल कधी बदललं होतंस?" तो म्हणाला, "आठवत नाही, मावशी." तेल मोजायची कांडी काढून पाहिली. डांबर! असा तो तुझ्यापर्यंत पोचला नसता, वाटेतच इंजिन बसलं असतं आणि माझी सगळी वस्ती रस्त्याच्या कडेला वाळून गेली असती.

मी मिशीवाल्याला म्हटलं, एक तास द्या. त्याने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, एकच. डंपर शेडमध्ये घेतला. खोलीतून हत्यारं परत आणली. नवं तेल आणि फिल्टर शेवटचे उरलेले होते, ते काढले. खाली मोठा ट्रे लावला, ट्रेखाली पत्रा, पत्र्याखाली जुनी सतरंजी. मग बोल्ट सोडला. चौदा लिटर काळं तेल निघालं. चौघे जण आणि मिशीवाला वाकून बघत उभे होते. तेल कॅनमध्ये भरलं, झाकण घट्ट लावलं आणि जुनं तेल गोळा करतात तिथे द्यायला ड्रायव्हरच्या हवाली केलं. सतरंजी उचलून पाहिली. कोरडी. त्या जमिनीवर एक थेंब सांडला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मग डंपर बाहेर काढला आणि त्यांनी शेड पाडली. दहा मिनिटांत पडली. आम्हाला ती बांधायला दोन वर्षं लागली होती.

गाडी माती भरून दुपारी दोनला निघाली. एका झटक्यात सुरू झाली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभी होते आणि मग रडले. हे लिहून ठेवते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

तुझी आत्या